एप्सम अँड यूएल बरो कौन्सिल : १९३७ पासून रहिवासी संघांकडेच सत्ता कशी राहिली?

शिरपेच (मूळ प्रश्न)

नमस्कार मंडळी.

इंग्लंडमधील स्थानिक निवडणुकांचा इतिहास मी काही दिवसांपासून वाचते आहे आणि लंडनच्या दक्षिण सीमेला लागून असलेल्या सरे काउंटीतील एप्सम अँड यूएल या डिस्ट्रिक्टपाशी येऊन थांबले आहे. (काउंटी हा स्थानिक शासनाचा वरचा स्तर, डिस्ट्रिक्ट हा तिच्या पोटातला खालचा.) या डिस्ट्रिक्टला बरोचा, म्हणजे सनदेने मिळणारा मानाचा दर्जा आहे. डर्बीच्या घोड्यांच्या शर्यतीमुळे एप्समचे नाव अनेकांच्या कानावरून गेलेले असते, परंतु मला खिळवून ठेवले ते तिथल्या कौन्सिलच्या निकालांनी. १९३७ साली हा बरो अस्तित्वात आला तेव्हापासून तिथे हुजूर पक्ष, मजूर पक्ष किंवा लिबरल यांपैकी कोणाचीही सत्ता आलेली नाही. सत्ता सतत रहिवासी संघांच्या, म्हणजे वस्तीतल्या लोकांनी राष्ट्रीय पक्षांबाहेर स्थापलेल्या संघटनांच्या, नगरसेवकांकडे राहिली आहे. सरेसारख्या काउंटीत, जिथे हुजूर पक्षाची मते वर्षानुवर्षे पक्की मानली जात होती, तिथे हे कसे घडले असावे?

माझे प्रश्न दोन आहेत. पहिला वेळापत्रकाचा. या डिस्ट्रिक्टच्या निवडणुका १९७३, १९७६, १९७९ अशा तीन-तीन वर्षांनी झालेल्या दिसतात आणि पुढे १९८३, १९८७ अशा चार-चार वर्षांनी होत जातात. शेजारच्या एल्मब्रिजमध्ये मात्र जवळजवळ दरवर्षी निवडणूक झालेली दिसते. एकाच काउंटीतील दोन शेजाऱ्यांना दोन वेगळे नियम का लागू असावेत? दुसरा प्रश्न अर्थातच रहिवासी संघांचा. ही केवळ परंपरा आहे, की मतदानाच्या पद्धतीत किंवा प्रभागांच्या रचनेत तिचे काही कारण दडलेले आहे?

जुनीपाने

प्रश्न फार चांगला आहे. वेळापत्रकापासून सुरुवात करतो, कारण ते नीट कळले नाही तर निकालांची कुठलीही तुलना फसते.

आजची डिस्ट्रिक्ट कौन्सिले १९७२ च्या स्थानिक शासन कायद्यातून निर्माण झाली. हा कायदा प्रत्यक्षात १ एप्रिल १९७४ रोजी अमलात आला, पण नव्या संस्थांना कारभार हाती घेण्याआधी तयारीसाठी वेळ मिळावा म्हणून त्यांच्या पहिल्या निवडणुका १९७३ मध्येच उरकण्यात आल्या. एप्रिलमध्ये काउंट्यांच्या झाल्या, मे महिन्यात मोठ्या शहरी भागांतील मेट्रोपॉलिटन डिस्ट्रिक्टच्या झाल्या आणि ७ जूनला एप्सम अँड यूएलसारख्या उरलेल्या डिस्ट्रिक्टच्या झाल्या. त्या दिवशी निवडून आलेले नगरसेवक सुमारे दहा महिने जुन्या कौन्सिलच्या सावलीत बसून तयारी करत होते, आणि एप्रिल १९७४ मध्ये त्यांच्या हाती खरा कारभार आला.

तुम्हाला खटकलेली तीन वर्षांची अंतरे याच संक्रमणाचा भाग आहेत. काउंटीच्या निवडणुका १९७३, १९७७, १९८१ अशा चार वर्षांनी व्हायच्या होत्या. डिस्ट्रिक्टच्या निवडणुका त्यांच्या बरोबर मध्यावर यायला हव्या होत्या, म्हणजे एकाच मतदाराला एकाच वर्षी दोन्ही स्तरांसाठी मत द्यावे लागणार नाही आणि दोन वर्षांनी त्याला पुन्हा कौल देता येईल. म्हणून १९७३ नंतर १९७६ आणि १९७९ अशी दोन आखूड मुदतींची सभागृहे घेऊन गाडी रुळावर आणली गेली. १९७९ हे १९७७ आणि १९८१ यांच्या नेमके मध्ये येते, आणि तिथून पुढे २०२३ पर्यंत एप्सम अँड यूएलचा चार वर्षांचा क्रम एकदाही मोडलेला नाही. गुरांच्या लाळ्या-खुरकूत रोगाच्या साथीमुळे २००१ च्या मेमधील निवडणुका ७ जूनपर्यंत पुढे गेल्या आणि करोनामुळे २०२० च्या निवडणुका २०२१ मध्ये झाल्या, पण ही दोन्ही वर्षे या डिस्ट्रिक्टच्या पाळीची नव्हती.

आता एल्मब्रिजबद्दल. १९७२ च्या कायद्याने या प्रकारच्या डिस्ट्रिक्टना निवडीचा अधिकार दिला होता. संपूर्ण सभागृह चार वर्षांनी एकदम निवडावे, किंवा चारपैकी तीन वर्षे दरवर्षी एक तृतीयांश जागांसाठी निवडणूक घ्यावी आणि चौथे वर्ष काउंटीसाठी मोकळे सोडावे. एल्मब्रिज, वोकिंग, रनीमीड, टँड्रिज, रायगेट अँड बॅन्स्टेड यांनी तृतीयांशाचा मार्ग धरला. एप्सम अँड यूएल, गिल्डफर्ड, वेव्हर्ली, स्पेलथॉर्न आणि सरे हीथ यांनी एकदम निवडणुकीचा. मोल व्हॅली कित्येक वर्षे तृतीयांश पद्धतीत होती आणि २०२३ मध्ये नव्या प्रभागरचनेबरोबर एकदम निवडणुकीकडे वळली. त्यामुळे सरेतील अकराही डिस्ट्रिक्टचे निकाल एका तक्त्यात शेजारीशेजारी मांडले, तर जागा कमी-जास्त होण्याचे आकडे एकमेकांशी थेट जुळवता येत नाहीत. एल्मब्रिजमध्ये एखाद्या वर्षी चार जागा गमावणे ही मोठी घटना असू शकते, कारण त्या वर्षी पणाला लागलेल्या जागाच मुळात थोड्या असतात.

तृतीयांश पद्धतीतील एक बारकावा मला फार आवडतो, म्हणून विषय किंचित लांबवतो. प्रभागरचना बदलली की त्या वर्षी तिथेही सगळ्या जागांसाठी एकदम निवडणूक होते, आणि मग प्रश्न येतो की पुढच्या वर्षी निवृत्त कोणी व्हायचे. तीन जागांच्या प्रभागात ज्याला सर्वांत कमी मते पडली तो आधी निवृत्त होतो. म्हणजे एकाच दिवशी, एकाच प्रभागातून, एकाच पक्षाचे तिघे निवडून आले तरी त्यांची मुदत वेगवेगळी ठरते, आणि ती ठरवतात मतदारच. जुन्या निकालपत्रांत एकाच पक्षाच्या तीन उमेदवारांमधला पाच-दहा मतांचा फरक दिसला तर तो क्षुल्लक समजून सोडून देऊ नका.

नदीकाठ

वेळापत्रक वर आलेच आहे. मी रहिवासी संघांकडे वळते. मी सरेमध्येच राहते, आणि या विषयावर स्थानिक इतिहासाचा जो अभ्यास होतो तो मला नेहमी अपुरा वाटत आला आहे, कारण तो १९७४ पासून सुरू होतो. एप्सम अँड यूएलचे उत्तर १९३० च्या दशकात आहे.

एप्समला १८९४ मध्ये अर्बन डिस्ट्रिक्ट कौन्सिल मिळाले. त्याच वर्षीच्या कायद्याने इंग्लंडभर शहरी आणि ग्रामीण डिस्ट्रिक्ट निर्माण झाले होते, आणि विवाहित स्त्रियांनाही या कौन्सिलांसाठी मत देता येईल व उभे राहता येईल असा मार्ग खुला झाला होता. १९३३ मध्ये यूएल आणि कडिंग्टनचा भाग एप्समला जोडला गेला. याच सुमारास लंडनहून येणाऱ्या रेल्वेमार्गांच्या कडेने शेते आणि मोठी आवारे विकली जाऊन त्यांवर जोडघरांच्या रांगा उभ्या राहत होत्या. स्टोनली हे याचे ठळक उदाहरण आहे. १९३२ मध्ये तिथे स्टेशन उघडले आणि काही वर्षांतच स्टेशनभोवती एक संपूर्ण उपनगर उभे राहिले. घरे नवी, कर्ज डोक्यावर, रस्ते अर्धवट, सांडपाण्याची सोय अपुरी, शाळा दूर, आणि शेजाऱ्यांची एकमेकांशी ओळख नाही. अशा वस्तीत बिल्डरकडे आणि कौन्सिलकडे एकत्रितपणे तक्रार नेण्यासाठी रहिवाशांनी संघ स्थापन केले. १९३७ मध्ये बरोची सनद मिळाली तेव्हा हे संघ आधीच बांधलेले होते, घरोघरी त्यांचे सभासद होते, आणि राष्ट्रीय पक्षांना तिथे नव्याने पाय रोवावे लागणार होते.

त्या वेळच्या व्यवस्थेनेही संघांना साथ दिली. बरोच्या निवडणुका तेव्हा १ नोव्हेंबरला होत, दरवर्षी एक तृतीयांश नगरसेवक निवृत्त होत, आणि नगरसेवकांनी सहा वर्षांसाठी निवडलेले ऑल्डरमन सभागृहात बसत. थेट मतदारांसमोर जावे न लागणारा हा वर्ग एकदा जमलेला तोल सहजासहजी ढळू देत नसे. शिवाय स्थानिक मताधिकार १९४५ पर्यंत मुख्यतः घर किंवा जागा ताब्यात असण्याशी बांधलेला होता. संसदेसाठी मत देणाऱ्या प्रत्येकाला कौन्सिलसाठीही मत देता येऊ लागले ते त्या वर्षीच्या कायद्यानंतर. घरधनी आणि करदाता या नात्याने बोलणाऱ्या संघटनेला असा मतदारसंघ मानवणारच होता. युद्धाच्या काळात स्थानिक निवडणुका थांबल्या होत्या, त्या नोव्हेंबर १९४५ मध्ये पुन्हा सुरू झाल्या, आणि १९४० च्या दशकाच्या अखेरीस नोव्हेंबरचा मतदानदिवस मे महिन्यात हलवण्यात आला.

अशा करदाता किंवा रहिवासी संघांची कौन्सिले एके काळी लंडनच्या कडेने अनेक ठिकाणी होती. मग बाकीची का विरली आणि हे का टिकले? माझ्या मते याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे सीमा. १९५७ मध्ये नेमलेल्या आणि १९६० मध्ये अहवाल देणाऱ्या हर्बर्ट आयोगाने एप्सम अँड यूएलचा समावेश ग्रेटर लंडनमध्ये करावा असे सुचवले होते. स्थानिक विरोध मोठा होता, आणि १९६३ चा लंडन शासन कायदा (अंमल १९६५ पासून) झाला तेव्हा हा बरो बाहेर राहिला. शेजारचे सटन अँड चीम आणि सर्बिटन आत गेले, मोठ्या बरोंमध्ये विलीन झाले आणि पक्षीय राजकारणाच्या मुख्य प्रवाहात ओढले गेले. पुढे १९७४ च्या पुनर्रचनेत बहुतेक जुन्या शहरी कौन्सिलांना दोन-तीनच्या गटाने एकत्र बांधले गेले. एल्मब्रिज हे ईशर आणि वॉल्टन अँड वेब्रिज यांच्या जोडणीतून झाले. एप्सम अँड यूएलच्या सीमा मात्र तशाच ठेवल्या गेल्या. म्हणजे १९६५ आणि १९७४ या दोन वादळांत ज्या संघटना मोडून गेल्या असत्या, त्यांच्या पायाखालची जमीन इथे हललीच नाही. रहिवासी संघ ही अगदी लहान भूभागाशी बांधलेली संघटना असते. हद्द विस्कटली की ती विस्कटते.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. या बरोमध्ये पॅरिश कौन्सिले नाहीत. इंग्लंडच्या बऱ्याच भागांत गावपातळीवरचे गाऱ्हाणे पॅरिश कौन्सिलकडे जाते. इथे ती पायरीच नसल्यामुळे स्टोनली किंवा नॉनसचच्या रहिवाशाला आपले म्हणणे मांडायला संघ हीच पहिली जागा राहिली.

शिरपेच

नदीकाठ, सीमांचा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता. त्यामुळे सगळ्या वाचनाची दिशा बदलली. जुनीपाने, तुमचेही आभार.

पण एक शंका राहतेच. लोक मुळात हुजूर पक्षाचे असतील आणि केवळ स्थानिक निवडणुकीत त्यांना तो पर्यायच समोर नसेल, असे तर नाही? म्हणजे रहिवासी संघ हा दुसऱ्या नावाने वावरणारा हुजूर पक्षच आहे का?

पाणवठा

हा आरोप जुना आहे. तो तपासण्यासाठी दोन दिवस विशेष उपयोगी आहेत : ३ मे १९७९ आणि ७ मे २०१५. या दोन्ही दिवशी संसदेची आणि डिस्ट्रिक्टची निवडणूक एकाच वेळी झाली. मतदान केंद्रात गेलेल्या माणसाच्या हातात दोन मतपत्रिका देण्यात आल्या, आणि एकाच आडोशात, दोरीला बांधलेल्या एकाच शिसपेन्सिलीने त्याने दोन्हींवर फुल्या केल्या. १९७९ मध्ये एप्सम अँड यूएल मतदारसंघाने हुजूर पक्षाच्या आर्चिबाल्ड हॅमिल्टन यांना संसदेत पाठवले आणि कौन्सिल रहिवासी संघांकडे राहिले. २०१५ मध्ये हुजूर पक्षाचे ख्रिस ग्रेलिंग मोठ्या फरकाने निवडून आले, आणि त्याच दिवशी कौन्सिलच्या ३८ पैकी ३१ जागा रहिवासी संघांना मिळाल्या. संसदीय मतदारसंघाची हद्द बरोपेक्षा थोडी मोठी असल्याने ही तुलना काटेकोर नाही, तरी चित्र पुरेसे स्पष्ट आहे. कौन्सिलच्या मतपत्रिकेवर हुजूर पक्षाचे उमेदवारही होते. पर्याय समोर होता, आणि तरीही लोकांनी हाताखालच्या दोन कागदांवर दोन वेगळे निर्णय दिले. २०२४ मध्ये संसदेची जागाही हुजूर पक्षाकडून गेली आणि लिबरल डेमोक्रॅट हेलन मॅग्वायर निवडून आल्या, म्हणजे "मुळात हुजूर पक्षाचे" हे गृहीतकही आता तसे उरलेले नाही.

मात्र या यशात मतदानपद्धतीचा वाटा मोठा आहे हे नाकारून चालणार नाही, आणि रहिवासी संघांच्या चाहत्यांनी हे मान्य करायला हवे असे मला मनापासून वाटते. २०१९ पर्यंत बरोचे तेरा प्रभाग होते. त्यांपैकी बारा प्रभागांत तीन-तीन जागा आणि ऑरिओलमध्ये दोन, असे ३८ नगरसेवक. तीन जागांच्या प्रभागात प्रत्येक मतदाराला तीन मते असतात आणि सर्वाधिक मते मिळवणारे तिघे निवडून येतात. समजा, संघाच्या तिन्ही उमेदवारांना शंभरातील पंचेचाळीस मतदारांनी मत दिले आणि उरलेले पंचावन्न तीन पक्षांत विखुरले, तर तिन्ही जागा संघाला जातात आणि पंचावन्न जणांच्या वाट्याला काहीच येत नाही. हा परिणाम तेरा प्रभागांत पुन्हा पुन्हा घडला की सभागृहातील बहुमत प्रत्यक्ष मतांपेक्षा बरेच फुगलेले दिसते. २०१९ मध्ये संघांकडे ३८ पैकी ३२ जागा होत्या, मजूर पक्षाकडे तीन, लिबरल डेमोक्रॅट्सकडे दोन आणि हुजूर पक्षाकडे एक. या आकड्यांवरून बरोत विरोधी मत जवळजवळ नाहीच असा निष्कर्ष कोणी काढला तर तो चुकेल. त्यात स्थानिक निवडणुकीला सहसा तीनपैकी एखादाच मतदार बाहेर पडतो, आणि अशा वेळी ज्यांचे कार्यकर्ते वर्षभर दारोदारी वार्तापत्रे टाकत असतात त्यांचा मतदार आठवणीने येतो.

सगळे सभागृह एकदम निवडण्याचाही परिणाम आहे. तृतीयांश पद्धतीत राष्ट्रीय सरकारवरचा राग किंवा लोभ दरवर्षी कौन्सिलच्या दारात येऊन उभा राहतो. एप्सम अँड यूएलमध्ये तो चार वर्षांतून एकदाच येतो.

कागदावर संघांची ओळख कशी छापली जाते हेही पाहण्यासारखे आहे. १९६९ पर्यंत मतपत्रिकेवर पक्षाचे नावच नसे. उमेदवाराचे नाव, पत्ता आणि व्यवसाय एवढेच असे. त्यानंतर सहा शब्दांपर्यंतचे वर्णन छापण्याची परवानगी मिळाली, आणि १९९८ च्या कायद्याने पक्षनोंदणी सुरू झाल्यावर एप्सम अँड यूएलच्या रहिवासी संघांनीही रीतसर राजकीय पक्ष म्हणून नोंदणी केली. पक्षादेश नाही, प्रत्येक प्रभागातील संघ आपला उमेदवार स्वतः निवडतो, अशी त्यांची भूमिका आहे. पण कायद्याच्या दृष्टीने ते पक्षच आहेत, आणि हरितपट्ट्यात घरे बांधू द्यायची की नाही यासारख्या प्रश्नावर निर्णय घेणे हे राजकारणच आहे. २०२३ च्या निवडणुकीच्या तोंडावर स्थानिक विकास आराखड्यावरून जो वाद पेटला त्याने हे पुरते दाखवून दिले.

नदीकाठ

पाणवठा यांच्या मताशी मी बहुतांशी सहमत आहे. प्रभागांबद्दल थोडी भर घालते, कारण शिरपेच यांनी प्रभागरचनेबद्दलही विचारले होते.

प्रभाग आखण्याचे काम कौन्सिलकडे नसते. २०१० पासून ते इंग्लंडच्या स्वतंत्र स्थानिक सीमा आयोगाकडे आहे. एका नगरसेवकामागे मतदारांची संख्या शक्य तितकी समान असावी, प्रभाग वस्तीच्या नैसर्गिक ओळखीला धरून असावेत आणि कारभार सोयीचा व्हावा, या तीन कसोट्या आयोग लावतो. एप्समच्या पश्चिमेला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडन काउंटी कौन्सिलने मनोरुग्णांसाठी पाच मोठी रुग्णालये बांधली होती. ती एकेक करून बंद होत गेली आणि त्यांच्या विस्तीर्ण आवारांत नवी घरे झाली. जिथे पूर्वी मतदार यादीत फारशी नावे नव्हती तिथे हजारो मतदार आले. २०२३ च्या फेररचनेत याच भागासाठी हॉर्टन नावाचा प्रभाग आला, प्रभागांची संख्या चौदा झाली आणि नगरसेवक ३८ वरून ३५ वर आले. त्यामुळे २०१९ आणि २०२३ मधील जागांची सरळ वजाबाकी करू नका. तीन जागा कोणीही हरलेल्या नाहीत, त्या रद्द झाल्या आहेत. त्या निवडणुकीतही स्पष्ट बहुमत रहिवासी संघांनाच मिळाले. मतदान केंद्रावर छायाचित्र असलेले ओळखपत्र दाखवण्याची सक्ती इंग्लंडभर प्रथम झाली तीही २०२३ च्या याच मे महिन्यात.

जुनीपाने

शिरपेच, तुम्ही तक्ता तयार करत असाल तर त्याच्या शेवटच्या ओळीबद्दल एक सूचना. २०२३ ची निवडणूक हीच या कौन्सिलची शेवटची सार्वत्रिक निवडणूक ठरणार आहे. सरकारने डिसेंबर २०२४ च्या श्वेतपत्रिकेत दोन स्तरांची कौन्सिले मोडून एकस्तरीय कौन्सिले आणण्याचे धोरण जाहीर केले, सरे काउंटीच्या मे २०२५ च्या निवडणुका त्यासाठीच पुढे ढकलल्या गेल्या, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सरेचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग करण्याचा निर्णय झाला. एप्सम अँड यूएल पूर्व सरेमध्ये जाईल. सोबत एल्मब्रिज, मोल व्हॅली, रायगेट अँड बॅन्स्टेड आणि टँड्रिज असतील. नव्या संस्थांची पहिली निवडणूक मे २०२६ मध्ये आणि प्रत्यक्ष कारभार एप्रिल २०२७ पासून, असा कार्यक्रम आखला आहे. १९७३ प्रमाणेच निवडून आलेले सदस्य आधी जवळजवळ वर्षभर जुन्या संस्थांच्या शेजारी बसून तयारी करतील.

नदीकाठ यांचा सीमांचा मुद्दा खरा असेल तर त्याची कसोटी इथे लागेल. १९६५ आणि १९७४ मध्ये जी हद्द वाचली ती या वेळी वाचत नाही. डिस्ट्रिक्टकडची घरबांधणी परवानगी, कचरा उचलणे आणि उद्याने आता काउंटीकडच्या शाळा, रस्ते आणि समाजसेवा यांच्याबरोबर एकाच मोठ्या सभागृहात जातील, आणि तिथे रहिवासी संघांचे सदस्य अल्पमतात असतील हे उघड आहे. तरी संघांचा शेवट झाला असे मी इतक्यात लिहिणार नाही. लंडनच्या हेवरिंग बरोमध्ये आणि एसेक्समधील लाउटन गावात रहिवासी संघ मोठ्या हद्दीतही टिकून आहेत, आणि एल्मब्रिजमधल्या मोल्सीसारख्या भागांतील संघ याच नव्या पूर्व सरेमध्ये एप्समच्या शेजारी बसतील. बरोमध्ये पॅरिश कौन्सिले नसल्यामुळे ती नव्याने स्थापन करावीत का, ही चर्चाही आता अपरिहार्य आहे. तुमच्या तक्त्यात १९३७ ते १९७३ हा काळ वेगळ्या शीर्षकाखाली ठेवा, कारण तेव्हाची तृतीयांश निवृत्ती आणि ऑल्डरमन यांच्यामुळे ते आकडे पुढच्या आकड्यांशी जुळणार नाहीत. आणि मे २०२६ ची ओळ या तक्त्यात न घालता पूर्व सरेच्या नव्या तक्त्यात घाला.